बाग की बांधी

ओल्या चिखलाचा वास आला की मला ती परसबाग आठवते. स्वातंत्र्य नवं होतं, माझं लग्नही नवं. सौंदड स्टेशनावर दिसली तशी फुलबाग घरामागे करायची, असं मी आणि नणंदेनं ठरवलं. "फुलं नाई आले तं मी तेथं वांगे लावीन," सासूबाईंनी बजावलं. आम्ही पदर खोचून चिखल तुडवला, भोवती पाळ घातली. पाणी अडवून धान रोवायच्या बांधीची सवय, दुसरं सुचणार काय! पाणी तुंबलं, झेंडू कुजला. "बाग करून राहिल्या का बांधी?" सासूबाई हसल्या. नणंद इरेला पेटली; तलावातून कमळाचे कंद आणून आम्ही तिथेच रोवले. पहिलं फूल उमललं त्या सकाळी आम्ही नाचलोच, आणि सासूबाई हातातली वांग्याची रोपं घेऊन दुसरीकडे लावायला वळल्या. आजही कुंडीत पाणी साचलं की सून ओरडते. मी मात्र आधी पाहते, यात कमळ मावेल का.