तळातला आवाज

भोंगेवाल्याचा आधी हात चालायचा, मग तोंड. बोलक्या यंत्रांच्या दुरुस्तीचं त्याचं दुकान. भोंगे, चाव्या आणि स्प्रिंगांनी भिंती भरलेल्या. एका गिऱ्हाइकानं भलतीच सुई लावून तबकडी नासवली, तर यानं त्याची गचांडी धरून त्याला रस्त्यावर काढलं होतं. बापही तसाच होता. बापानं मुलांना दुसरं काही दिलं नाही, बुक्क्या मात्र सढळ हातानं दिल्या. धाकटा भाऊ लोहार झाला आणि एकाचा जबडा फोडून थेट तुरुंगात गेला.

तो आत असतानाच आई वारली.

त्याआधी भोंगेवाल्यानं तिला भोंग्यासमोर बसवून तिचं बोलणं मेणाच्या तबकडीवर घेतलं होतं. त्याचं यंत्र जुन्या, खालीवर चालीचं. त्यात आवाज रेघेच्या तळात, चढउतारात असायचा, आणि त्यावर सुईऐवजी गोल टोकाचा खडा हलकेच फिरवायचा. बाजारात आता आडवी चाल आली होती. तिच्यात आवाज रेघेच्या दोन्ही कडांत, आणि सुई पोलादी, डावीउजवीकडे हलणारी. ही सुई जुन्या तबकडीवर ठेवली तर आवाज येत नाहीच, वर तळही खरवडून निघतो. लोहाराला मात्र तबकडी म्हणजे तबकडी.

सुटल्यावर तो थेट दुकानात आला.

"दादा, आईचा आवाज ऐकव. दुसरं काही नको."

"तुझ्या काळजीनं झुरून मेली ती. तुला कशाला ऐकवू?"

"माझी कोणीच नव्हती का ती?"

"तोंड काळं कर."

लोहारानं त्याला भिंतीवर ढकललं. भोंगेवाल्यानं त्याच्या नाकावर ठोसा हाणला. मग लोहारानं ते खालीवर चालीचं यंत्र उचलून फरशीवर आपटलं, आणि भोंगेवाल्यानं यंत्राला चावी द्यायचा लोखंडी दांडा त्याच्या डाव्या कानावर घातला. कानातून रक्ताची धार लागली. लोहार बाहीनं मान पुसत निघून गेला. तो कान कायमचा गेला. उजवा घणाच्या ठोक्यांनी आधीच अर्धा बसला होता.

भोंगेवाल्याला त्या दिवशी घास गिळवेना. त्यानं मोडकं यंत्र जोडायला घेतलं. जुळलं की धाकट्याला बोलवावं असं त्याला वाटायचं, पण बोलवायला जाऊन नाक कोणी खाली करायचं?

यंत्र जुळलं त्याच दुपारी तो जेवून परतला, तर दुकानाचं कुलूप फोडलेलं. आईची तबकडी नाही, आणि एका गिऱ्हाइकाचं आडव्या चालीचं नवं यंत्रही नाही. तो अनवाणीच धाकट्याच्या भट्टीकडे धावत सुटला.

भट्टीशेजारी लोहार यंत्रावर वाकला होता. पोलादी सुई त्यानं अंगठ्यानं दाबून धरली होती आणि तिच्यामागे मेणाचा भुगा निघत होता.

"मघापासून लावतोय," तो म्हणाला. "मला काही कळत नाही. कान गेला ना, म्हणून दाबून धरलंय. तुला ऐकू येतं का? काय म्हणते आई?"

भोंग्यातून नुसती खरखर येत होती. भोंगेवाल्यानं मुठी आवळल्या. मग भावाच्या कानावरची काळी खपली त्याला दिसली आणि त्याचे हात खाली आले. त्यानं लोहाराच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

"'मेल्या, कुठं हिंडतोस,' तुला म्हणते. अन् मला, 'धाकटा आला की त्याला आधी वाढ. भूक मारतो तो, पण बोलायचा नाही.'"

तबकडीवर खरंच हेच होतं. सगळं धाकट्याचं. थोरल्यासाठी त्यात मायेचा एक शब्द नव्हता, आणि तेच त्याला इतके दिवस जाळत होतं.

"शिवी दिली मला?"

"दिली."

"मग आईच ती," लोहार म्हणाला, आणि तो दांडगा माणूस ओक्साबोक्शी रडू लागला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले.

"दादा, परत लाव."

भोंगेवाल्यानं पोलादी सुई उचलली, आपल्या हातानं पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली, आणि भावाच्या कानाशी वाकून बोलू लागला.