धुऊन परत ठेवलेला ट्रक

पोलीस खात्यात मी फार वर्षं नव्हते. उपनिरीक्षक म्हणून लागले आणि काही वर्षांनी घरच्या कारणामुळे राजीनामा दिला. लोक अजून विचारतात, सगळ्यात मोठी केस कुठली. मी काहीतरी सांगून विषय बदलते. खरं तर मनात राहिलं आहे ते एक साधं प्रकरण, ज्याचा गुन्हासुद्धा नोंदला गेला नाही. नावं कोणाचीच देत नाही. ती माणसं आजही त्याच रस्त्यांवर आहेत.

मी तेव्हा गोव्यात, डिचोली तालुक्यात होते. सोमवारची सकाळ होती, हजेरी नुकतीच संपली होती. एक ट्रकमालक आला आणि उभ्यानेच म्हणाला, "मॅडम, माझा ट्रक चोरीला जातो."

"गेलाय?"

"गेला नाही, जातो. आयतारी जातो आणि सोमवारी जागेवर असतो. धुतलेला."

आमच्या हवालदारांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "शेट, असलो चोर आमकांय मेळूंक जाय. आमची जीप दोन म्हयने धुवूंक ना."

मालकाला हसू आलं नाही. त्याच्याकडे पाच ट्रक होते आणि माणूस बारकाईने बघणारा होता. सीट मागे सरकवलेली असते, म्हणाला. आणि डावा आरसा उघडा असतो. त्याच्या गाड्यांचे डावे आरसे कायम आत दुमडलेले असायचे. खाणीच्या अरुंद रस्त्यांवर कडेच्या झाडांना आणि कठड्यांना लागून आरसे फुटायचे, म्हणून ड्रायव्हर लोकांनी ती सवयच लावून घेतली होती. हा एकच ट्रक दर सोमवारी डावा कान उघडून उभा असायचा.

हवालदारांचा संशय दारूवर होता. पेडण्याकडून राज्याची हद्द ओलांडून माल नेत असतील, असं त्यांचं मत. पण मालकाने शनिवारी आणि सोमवारी मीटर बघून ठेवला होता. फरक आठ-नऊ किलोमीटरचा. एवढ्यात हद्द काय, तालुकासुद्धा ओलांडता येत नाही. मी अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि चौकशी स्वतःकडे ठेवली.

खबर दुसऱ्याच दिवशी आली. मुळगावच्या एका काजू-बागायतदाराने फोन केला. आवाजावरून वय बरंच असावं.

"बाय, हांगा बंद खाणीच्या मैदानार दर आयतारा दोनपारां एक ट्रक येता. फुडे जाता, मागे जाता. माल भरणा नाय, उतरयणा नाय. आणि मधीच कोणतरी पत्र्यार थाप मारता. माझो कुत्रो पिसो जालो भुंकून भुंकून."

आम्ही जागा पाहिली. लाल मातीच्या मैदानात जांभ्याचे चिरे एकावर एक ठेवून दोन खांब केले होते, फाटकासारखे. त्यातला एक पडलेला. चाकांच्या खुणा त्या फाटकातून इतक्या वेळा आतबाहेर गेल्या होत्या की मातीला पाट पडला होता. बाजूला बाईच्या चपलांचे ठसे. मी ते वहीत लिहून घेतले. चिरे उचलायला आणलेली कामगार असेल, एवढंच तेव्हा मला सुचलं.

किल्ली कुठे असते हे ठाऊक असलेली माणसं मोजकी होती. मालकाने एका जुन्या ड्रायव्हरचं नाव लगेच सांगितलं. "चार महिन्यांपूर्वी काढला त्याला. तीनदा ठोकला. तिन्ही वेळा मागे घेताना. आणि तिन्ही वेळा टाळता आलं असतं, मॅडम. नीट बघितलं असतं तर."

बुधवारी त्याला चौकशीला बोलावलं. चाळिशी ओलांडलेला, बेळगावकडचा माणूस. वीस वर्षं गोव्यात ट्रक चालवलेला. इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि बाकाच्या अगदी कडेला बसला.

"ट्रक म्या न्हेला," मी विचारायच्या आधीच तो म्हणाला.

"किल्ली कोणी दिली?"

गप्प.

"कशासाठी नेला?"

गप्प. हवालदारांनी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, एकदा मायेने, एकदा आवाज चढवून, एकदा टेबलावर पेन आपटून. तो खाली बघत राहिला. आमच्याकडे जबाब बहुतेक इंग्रजीतच टाइप होतात आणि माझी सगळी शाळाही इंग्रजीतच झालेली. मी टाइप केलं, की उत्तर देण्यास नकार.

"काय लिवलं, मॅडम?"

"तुम्ही उत्तर द्यायला नकार देता, असं."

"म्या नकार दिल्याला न्हाई," तो म्हणाला. "म्या इचार कराय लागलोय. आन लिवायचं तर मला वाचाय येईल असं लिवा. माझ्याबद्दलच लिवताय न्हवं?"

हवालदार हसले. "मॅडमचें मराठी? आयज सुरू केल्यार गणेशचवथीक सोंपतलें!"

माझं मराठी लिखाण शाळेतल्या तिसऱ्या भाषेपुरतं होतं आणि ते सगळ्या ठाण्याला माहीत होतं. मी संगणकासमोरून उठले, कोरे कागद घेतले आणि त्याच्यासमोर बसले. तो बोलेना. मीही बोलेना. ठाण्यात एवढा वेळ कोणी कोणाला देत नाही.

तेवढ्यात बाहेर आमचा ड्रायव्हर जीप मागे घेत होता. अचानक पत्र्यावर दोन थापा पडल्या, जोरात, सपाट हाताच्या. जीप जागच्या जागी थांबली.

पण माझं लक्ष समोर होतं. थाप पडली त्या क्षणी या माणसाचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. ब्रेक दाबावा तसा. त्याला स्वतःला कळलंही नसावं.

मी दारात गेले. हवालदारांच्या स्कूटरपासून वीतभर अंतरावर जीप उभी होती आणि तिच्या मागच्या पत्र्यावर हात ठेवून एक बाई. दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. पायातल्या चपला लाल मातीने माखलेल्या.

"कोण गे तू? सरकारी गाडयेक मारता?" ड्रायव्हर ओरडला.

"मारली म्हून थांबलासा," ती म्हणाली. "न्हाईतर त्या स्कूटरचं पापड झालं आस्तं."

मी आत आले. "मैदानावर थाप मारणाऱ्या त्याच का?"

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तिला यात घालू नगासा, मॅडम. म्या सांगतो."

तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. 'सदर इसम', 'उपरोक्त ठिकाणी' असलं काही मला येत नव्हतं, म्हणून तो बोलला तसंच सोप्या शब्दांत लिहिलं. अडले की तो थांबायचा.

वीस वर्षं त्याच्यासोबत एक क्लीनर होता, त्याच्याहून वयाने मोठा. गाडी मागे घेताना तो मागे उभा राहायचा. एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे थांब. वीस वर्षांत त्याला डाव्या आरशात बघायची गरजच पडली नाही. आरसा दुमडलेलाच असायचा. मग खाणीचं काम आटलं, मालक बांधकामाचा माल वाहू लागला आणि क्लीनर कमी केले. तो म्हातारा गावी गेला. पुढच्या काही महिन्यांत पहिल्यांदा गोदामाचा खांब गेला. दुसऱ्यांदा उभी असलेली व्हॅन. तिसऱ्यांदा मांद्र्याच्या गल्लीत फरशा उतरवायला गेला आणि एका गेस्ट हाऊसची भिंत पाडली.

इथे तो थांबला. मी पेन वर उचलून बसले.

"भिंतीच्या पल्याड एक बाई चादरी वाळत घालत व्हती. बादलीतली चादर घ्याय दोन पावलं म्होरं गेली आन भिंत तिच्या मागं पडली. तितंच उभी आस्ती तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मीही कागदावर ते तसंच ठेवलं.

कामावरून काढल्यावर तो सहा मालकांकडे गेला. अपघातांचं कुणालाच सांगितलं नाही. प्रत्येकाने जुन्या मालकाला फोन लावला आणि तिथेच विषय संपला. शेवटच्याने तोंडावर विचारलं, "तुला मागं घ्यायला येत नाही म्हणे?" घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. ती कारखान्यात पॅकिंगला जायची. तिची सुट्टी फक्त आयतवारी. ती म्हणाली, मग शिका की, मी मागं उभी ऱ्हाते.

पहिले काही आयतवार ती दर वेळी थाप मारायची. मग तिनेच ते बंद केलं. आता चिरा पडला तरच मारते, चुकलं हे कळावं म्हणून. डिझेल ते स्वतःचं घालायचे, आणि परत ठेवताना ट्रक धुवायचे. दुसऱ्याची वस्तू घाण करून ठेवू नये, म्हणाला.

"आणि किल्ली?"

"खिळ्यावर व्हती. म्या काढली."

तो खिळा मालकाच्या यार्डातल्या वॉचमनच्या चौकीत होता आणि वॉचमन त्याच्याच गावचा होता. ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं ते लिहिलं, वाचून दाखवलं. एके ठिकाणी माझा ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, तो त्याने बोटाने दाखवला, मग सही केली. हवालदार मागे उभे राहून ऐकत होते. चवथीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता सगळं मालकावर होतं. त्याने तक्रार लावून धरली असती तर चोरीचा गुन्हा नोंदवावा लागला असता, आणि मग या माणसाच्या हातात आयुष्यात कोणी स्टिअरिंग दिलं नसतं. संध्याकाळी मालक आला. मी जबाब त्याच्या हातात दिला. तो सावकाश वाचत गेला.

"क्लीनर मी काढला, तेही लिहिलंत?"

"त्यांनी सांगितलं ते लिहिलं."

पुढचं पान. "खिळा चौकीच्या आत आहे, मॅडम."

"हो."

"बरं," एवढंच तो म्हणाला. मग कागद घडी करून, "मला बघायचं आहे. उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी यार्डात मी, हवालदार, मालक आणि ते दोघं होतो. फाटकातून ट्रक उलटा आत घ्यायचा होता. बायकोने भिंतीपाशी उभं राहून दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले, आपोआप उठू नयेत म्हणून. त्याने डावा आरसा उघडला. थोडं मागे आला आणि थांबला. खाली उतरला, चालत मागे गेला, दोन्ही खांब बघितले, परत चढला. आणखी थोडं मागे. पुन्हा उतरला.

"एका फाटकाला तीनदा उतरणार काय रे?" मालक ओरडला.

"चारदाबी उतरंन, शेट."

ट्रक आत आला. दोन्ही बाजूंना सारखी जागा उरली होती. बायकोचे हात पदरातच होते. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि हवालदार उगाच आकाशाकडे बघत होते.

मालक बराच वेळ फाटकाचा खांब चाचपत राहिला. मग म्हणाला, "तुला मी परत घेणार नाही. विमावाले माझ्या गाड्यांचा विमा काढणार नाहीत. पण यापुढे कोणाचा फोन आला तर तीनदा ठोकलं हे सांगीन, आणि आज बघितलं तेही सांगीन." तक्रार पुढे चालवायची नाही असं त्याने लिहून दिलं. आमच्या निरीक्षकांनी मला चार शब्द सुनावले आणि अर्ज दप्तरी जमा झाला. वॉचमन कामावर राहिला. किल्ल्या मात्र मालकाच्या घरी गेल्या.

ठाण्यातून निघताना तो ट्रकड्रायव्हर माझ्या टेबलापाशी रेंगाळला. "मॅडम, त्या कागदाची झेरॉक्स मिळंल?"

जबाबाची प्रत लोक वकिलाला दाखवायला मागतात. मी विचारलं, कशाला?

"नव्या शेटला दावतो. सहा ठिकाणी लपवून बघितलं. आता पैल्यांदा हेच दावतो. ह्यात समदं हाय, आन वाचाय सोपं हाय."

रीतसर अर्ज लिहायला लावून मी त्याला प्रत दिली.

चौकशीच्या खोलीत गप्प बसलेला माणूस काहीतरी लपवतोय, असं आम्हाला शिकवलं होतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही माणसं आपल्याला कळेल असं बोलायला शब्द शोधत असतात, काही दुसऱ्या कोणाला जपत असतात, आणि 'नकार' असं टाइप करायला तीन सेकंदसुद्धा लागत नाहीत. त्या दिवसानंतर मी ते टाइप करायच्या आधी थांबू लागले. माझी कामं त्यामुळे उशिरा संपायची, हेही खरं.

राजीनाम्यानंतर एकदा मांद्र्याला गेले होते. एका गल्लीत गाड्या अडकल्या होत्या. पुढे पेडण्याच्या कोण्या दुकानाचं नाव रंगवलेला ट्रक एका फाटकातून उलटा आत जायला मागे येत होता. थांबला. ड्रायव्हर उतरला, मागे जाऊन एका कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे डोकावला, परत चढला. थोडं मागे आला आणि पुन्हा उतरला.

"अरे, कितलो वेळ!" माझ्या मागच्या गाडीतून कोणीतरी ओरडलं. भोंगे सुरू झाले.

त्याने वळून बघितलं नाही. भिंतीपलीकडे कोणी नाही याची पुन्हा एकदा खात्री करून घेतली आणि शांतपणे चढला. मी गाडी बंद केली आणि तो आत जाईपर्यंत बसून राहिले.