मनगटावरचा विंचू

साबणाच्या कंपनीत पर्सोनेल खात्यात मला घेतलं तेव्हा बी.ए. झाल्याचं मी सांगितलं होतं. खरं शिक्षण वडिलांच्या पत्रकांवर झालंय, हे सांगितलं नव्हतं. सेनगावच्या बाजारात वाटून उरलेली युनियनची पत्रकं ते घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायचो. पाढ्यांच्या आधी मला 'कामगार' हा शब्द वाचता येत होता. प्रत्यक्ष कामगार भेटले ते हिंगोलीच्या या कारखान्यात, आणि तेही आधी कार्डांवर.

पॅकिंगमधल्या बायकांची जुनी कार्डं नव्या पेटीत लावणं हे माझं पहिलं काम. नाव, गाव, वय, ओळखीची खूण. बाकीचे रकाने मी भराभर उरकायचो. खुणेचा रकाना मात्र वाचत बसायचो. कपाळावर बैलाचं शिंग लागल्याचा वण. उजव्या पायाला सहा बोटं. डाव्या मनगटावर विंचवाचं गोंदण, नांगी अर्धवट.

तिसऱ्या दिवशी अर्धवट नांगीचा तोच विंचू दुसऱ्या कार्डावर दिसला. नाव वेगळं, गाव वेगळं. मला चैन पडेना. शोधलं तर आणखी दोन कार्डं निघाली. नावं आलटून पालटून, विंचू एकच. एक कार्ड संपलं की महिनाभरानं दुसरं सुरू.

जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगमध्ये गेलो. चाळिशीची एक बाई भाकरी सोडत होती. मनगटावर विंचू.

"मावशी, ही चारही कार्डं तुमचीच?"

"व्हय. दोन माहेरच्या नावाची, दोन सासरच्या."

"काहून असं?"

"सुपरवायझर म्हन्ला, ब्रेक झाला की दुसऱ्या नावानं ये. जुन्या नावाला काम न्हाई."

शेजारची बाई हसली. "आमाला दोन-दोन नावं हायेत म्हून निभून राहिलं. गडीमान्सं कुठून आणतील दुसरं नाव?"

आता उलगडलं. सलग ठरावीक दिवस काम भरलं की बाईला कायम करावं लागतं. म्हणून मध्ये ब्रेक द्यायचा आणि कार्ड नवं करायचं. कागदावर ही बाई दर वेळी नवीच होती.

मी विंचूवाल्या मावशीला सगळं सांगितलं. कार्डं जोडून साहेबांपुढे ठेवली तर ती कायम होईल, किंवा खोटं नाव दिलं म्हणून कामावरून जाईल. ठेवू का? कामगारांनी काय करावं हे पत्रकांत ठासून लिहिलेलं असे. त्यांना असं विचारलेलं मी कधी वाचलं नव्हतं.

"खोटं कोनतं त्यातलं? एक बापानं ठेवलं, एक सासरच्यांनी. दुष्काळात खडी फोडली तवा हजेरीला एकच पुरलं." तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "जोडा, भाऊ. दर खेपंला नवी बाई होऊन कटाळा आला."

मॅनेजर पुण्याचे. चारही कार्डं त्यांनी ओळीनं मांडली. "हिनं कंपनीला फसवलंय."

"फसवायचं असतं तर हात झाकला असता, साहेब. चारही वेळा विंचू आपल्याच माणसानं लिहून घेतलाय."

"तुम्ही अजून प्रोबेशनवर आहात."

"हो, साहेब." मी हललो नाही.

त्यांनी त्या बाईला बोलावलं, मनगट पाहिलं, मग सुपरवायझरला बोलावून दार लावून घेतलं. तो बाहेर आला तेव्हा माझ्याकडे न बघता गेला. संध्याकाळी मॅनेजरनी तिला कायम केल्याच्या कागदावर सही केली.

"हे एकच प्रकरण आहे ना?"

"मी शोधलंय ते एकच."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापुढे बायकांची रांग होती. सगळ्यात पुढे ती हसणारी शेजारीण. तिनं चप्पल काढली आणि उजवा पाय पुढे केला. मी बोटं मोजली. सहा.

कपाटावरून मी जुन्या कार्डांची पेटी खाली काढली.