रानातलं मांस, परसातली नाशपाती

मला जर्मन लायसन्स मिळून तीन महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात इंजिनिअर होते. नवरा हाइलब्रोनला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. मुलगी चार वर्षांची. भाडं परवडावं म्हणून आम्ही कारखान्यापासून वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात राहायचो. एप्रिलमधल्या एका सकाळी, उजाडायच्या जरा आधी, मी पहिल्या पाळीला निघाले होते. गावाबाहेरच्या वळणावर उजवीकडच्या झाडीतून एक हरीण रस्त्यावर आलं आणि माझ्या गाडीवर आदळलं.

मी ब्रेक दाबला होता, पण उशिरा. गाडीचा दिवा फुटला, बंपर वाकला, मला खरचटलंही नाही. हरीण रस्त्याच्या कडेला पडलं होतं. तिथलं हे हरीण लहान असतं, साधारण शेळीएवढं. ते उठायचा प्रयत्न करत होतं आणि त्याचे मागचे पाय हलत नव्हते.

मी पोलिसांना फोन केला. त्यांनी सांगितलं, "गाडीत बसून राहा, जनावराजवळ जाऊ नका. त्या भागातल्या शिकारीचा हक्क ज्यांच्याकडे आहे त्यांना पाठवतो." मला वाटलं, कोणी दाढीवाला धिप्पाड गडी येईल. दहा मिनिटांनी एका जुन्या जीपमधून एक बाई उतरल्या. सत्तरीकडे झुकलेल्या, ठेंगण्या, पांढरे केस अगदी आखूड कापलेले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हरणाकडे.

"तुम्हाला लागलंय?"

"नाही."

"मग तिकडे बघा. त्या चर्चच्या मनोऱ्याकडे. मी सांगेपर्यंत मान वळवू नका."

मी मनोऱ्याकडे बघत राहिले. बंदुकीचा एकच आवाज झाला. नंतर त्यांनी मला बोलावलं. हरीण शांत पडलं होतं. बाईंनी कडेच्या झाडाची एक हिरवी डहाळी मोडली आणि त्याच्या तोंडात ठेवली. शेवटचा घास, असं त्या म्हणाल्या; इथले शिकारी प्राण्याला निरोप देताना असं करतात. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतात, ते मला आठवलं आणि तिथेच रडू फुटलं.

रडता रडता मी विचारलं, "मादी होती का?"

"हो."

"गाभण?"

त्यांनी टाळलं नाही. "हो. एप्रिलमध्ये असतातच. बहुतेक दोन असतील."

दुसरं कोणी असतं तर खोटं बोललं असतं. तेव्हा मला त्यांचा रागच आला. त्यांनी इन्शुरन्ससाठी लागणारा कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरून दिला, माझा फोन नंबर लिहून घेतला आणि मला आपल्या घरी नेऊन कॉफी पाजली. कारखान्यात फोनही त्यांनीच केला. पूर्वी त्या गावच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे कोणाशीही बोलताना त्यांना आवाज चढवावा लागत नसे. ते हरीण मात्र कोणाच्या पोटात गेलं नाही. गाडीने मारलेलं जनावर विकायला बंदी आहे, आणि त्या स्वतःही असलं मांस खात नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

आम्ही घरात त्यांना शिकारीण आजी म्हणायला लागलो. पुढे सात-आठ आठवडे काहीच संबंध आला नाही. मग जूनच्या सुरुवातीला एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "उद्या पहाटे पाच वाजता चर्चसमोर या. रबरी बूट आणि हातमोजे आणा. माणसं कमी पडतायत."

कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. नवरा म्हणाला, "अगं, तू ओळखत तरी नाहीस त्यांना." मी गेले.

चर्चसमोर दहा-बारा माणसं जमली होती. तिथे गेल्यावर कळलं. त्या दिवसांत गवताची कापणी सुरू होते. हरिणी आपली पिल्लं उंच गवतात लपवून चरायला जाते. पिल्लू धोका दिसला की पळत नाही, जमिनीला चिकटून पडून राहतं, आणि कापणीच्या यंत्राखाली सापडतं. म्हणून कापणीच्या आधी माणसांनी ओळीने कुरणातून चालायचं आणि पिल्लं शोधायची. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन कडेला थांबला होता. बाईंनी आम्हाला दोन-दोन पावलांच्या अंतराने उभं केलं. "पायापुढे बघा, लांब बघू नका. घाई करणाऱ्याने घरी जावं."

दवाने गुडघ्यापर्यंत भिजलो. पहिल्या कुरणात काही मिळालं नाही. दुसऱ्या कुरणात मी पाऊल टाकणार, इतक्यात बुटापासून वीतभर अंतरावर मला तपकिरी अंगावरचे पांढरे ठिपके दिसले. मी हात वर केला. बाई आल्या, दोन मुठी गवत उपटून त्यांनी माझ्या हातमोजे घातलेल्या हातांत दिलं. "गवतासकट उचला. तुमचा वास लागला नाही पाहिजे."

"मी?"

"सापडलंय तुम्हाला. मग कोण?"

मी पिल्लू उचललं. दोन किलो साखरेच्या पुड्याएवढं वजन. हालचाल काही नव्हती, फक्त गवतातून त्याच्या हृदयाचे ठोके माझ्या बोटांना लागत होते. कुरणाच्या कडेला झुडपाखाली मी ते ठेवलं आणि त्यावर बरोबर आणलेला खोका पालथा घातला. गवत कापून झालं की खोका काढायचा, मग हरिणी येऊन त्याला घेऊन जाते. त्या सकाळी आम्हाला पाच पिल्लं सापडली.

परतताना मी विचारलं, "तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत ना?"

"माणसं कमी पडत होती," त्या म्हणाल्या. मग जराशाने, "आणि मुद्दामही."

ऑक्टोबरमध्ये पुन्हा फोन. "रविवारी दहाला या. जेवण एक वाजता आहे, नवऱ्याला आणि मुलीला तेव्हा बोलवा. तुम्ही दहाला या, कारण रांधायला शिकायचंय तुम्हाला." मला शिकायचं आहे, हे मी त्यांना कधी म्हटलं नव्हतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर हरणाची मागची तंगडी ठेवली होती. गर्द लाल, जवळजवळ काळपट, चरबी नावालाही नाही. मी नाक जवळ नेलं. उग्र वास येईल असं वाटलं होतं, पण वास लोखंडासारखा आणि पालापाचोळ्यासारखा होता. मी विचारलं, "हे आधी ताकात भिजवत नाहीत का? मी कुठेतरी वाचलं होतं."

"माझी आई भिजवायची. वास लपवायला. हे मी स्वतः मारलंय, एका गोळीत. अर्ध्या तासात साफ केलंय, पाच दिवस गार खोलीत टांगलंय. याच्यात लपवायचं काय आहे?"

मांसावर एक पांढरट, चकाकणारा पातळ पडदा असतो. तो त्यांनी मला काढायला लावला. सुरीचं पातं वरच्या दिशेला ठेवून, पडदा डाव्या हाताने ताणून धरायचा. पहिल्या पट्टीबरोबर मी बरंचसं मांसही काढलं. ते तुकडे उचलून त्यांनी सॉससाठीच्या भांड्यात टाकले. तिसऱ्या पट्टीला पडदा एकटाच निघाला, तेव्हा म्हणाल्या, "गेनाऊ. अस्संच."

मग त्यांनी खलात वाखोल्डर नावाच्या झुडपाची वाळकी निळी-काळी फळं आणि मिरी कुटली. त्या फळांना पाइनच्या झाडासारखा वास होता. तो मसाला आणि मीठ त्यांनी मांसाला चोळलं. लोखंडी भांड्यात एका डब्यातून पिवळसर काहीतरी दोन मोठे चमचे घातलं. ते वितळल्यावर आलेला वास मी झोपेतही ओळखला असता.

"हे तूप आहे," मी डब्याकडे बोट करून चुकून मराठीतच म्हणाले.

"बुटरश्माल्स," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे असतं?"

"आमच्याकडे याशिवाय पान हलत नाही."

तंगडी तुपात सगळ्या बाजूंनी परतली, मग काढून ठेवली. त्याच तुपात गाजर, कांदा, मुळ्यासारखा एक कंद आणि माझे ते चुकलेले तुकडे. त्यावर रेड वाइन. वाइन आटली की पुन्हा थोडी, पुन्हा आटवायची. मग तंगडी परत आत आणि भांडं ओव्हनमध्ये, अगदी मंद आचेवर. मी विचारलं, किती डिग्री, किती मिनिटं. वही काढली होती मी. त्यांनी ती बंद करायला सांगितली नाही, आकडेही सांगितले. पण मग एक लांब विणकामाची सुई दाखवली. ती मांसाच्या मध्यापर्यंत खुपसायची, दहा मोजायचे, आणि काढून खालच्या ओठाला लावायची. गार लागली तर कच्चं. चटका बसला तर वाया गेलं. कोमट लागली की बाहेर काढायचं आणि झाकून ठेवायचं. कारखान्यात रंगाच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारी मी, त्या दिवशी चार वेळा ओठाला सुई लावून बघितली. चौथ्यांदा मला कळलं.

नाशपाती परसातल्या झाडाच्या होत्या. झाड त्यांच्या दिवंगत नवऱ्याने लावलेलं. नवऱ्याला बंदुकीचा आवाज सोसायचा नाही. बायकोने पन्नाशीत अभ्यास करून शिकारीची परीक्षा दिली, तेव्हा ते म्हणाले होते, "तू जा रानात, मी फळं बघतो." लहान, टणक नाशपाती. सोलून अर्ध्या करायच्या, बिया कोरून काढायच्या, दालचिनी आणि दोन लवंगा घातलेल्या व्हाइट वाइनमध्ये मऊ होईपर्यंत शिजवायच्या. मग कोरलेल्या खळग्यात प्राइझलबेरीचा एक चमचा मुरंबा. लाल, बारीक, आंबट-गोड फळं, मागे किंचित कडवट. "या दुकानातल्या बरणीतल्या," त्या म्हणाल्या. "आपल्या भागात होत नाहीत. प्रत्येक गोष्ट आपणच करायची असा हट्ट मी धरत नाही."

एक वाजता नवरा आणि मुलगी आले. मुलगी आजींशी जर्मनमध्ये बोलायला लागली. घरी आम्ही मराठीत विचारायचो आणि ती उत्तर जर्मनमध्येच द्यायची. नवरा कोल्हापूरचा. मटणाबद्दल त्याची मतं पक्की. ताटात आतून गुलाबी दिसणारे काप, शेजारी नाशपाती, हे बघून तो हळूच मराठीत म्हणाला, "हे कच्चं नाही ना? आणि मटणाबरोबर गोड कशाला?"

आजींनी विचारलं, काय म्हणतायत. मी सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. "त्यांना सांगा, आधी नुसतं मांस खा. मग नाशपातीबरोबर एक घास. मग बोलू."

त्याने तसं केलं. नुसतं मांस खाल्लं आणि मान डोलावली. मग नाशपातीचा तुकडा, त्यावरचं लाल फळ आणि मांस असा घास घेतला. नंतर त्याने पुन्हा वाढून घेतलं. निघताना म्हणाला, "पुरणपोळीबरोबर कटाची आमटी लागते ना, तसं आहे हे. फक्त उलटं." मी ते भाषांतर करून सांगितलं. आधी पुरणपोळी समजावून सांगावी लागली.

जेवणात मध्येच मुलीने काटा खाली ठेवला आणि विचारलं, "मम्माने उचललेलं पिल्लू आहे का हे?"

मी काहीतरी सारवासारव करणार होते, पण आजींनी तिच्याकडे वळून शांतपणे उत्तर दिलं. "नाही. मम्माने उचललेली पिल्लं या वर्षी जन्मलेली. हा मागच्या वर्षीचा नर होता."

"पुढच्या वर्षी असेल?"

"असू शकेल."

"मग उचललं कशाला?"

"कारण यंत्राखाली फार दुखतं. आणि कारण ते तेव्हा फार लहान होतं."

मुलीने विचार केला. मांस बाजूला सारलं आणि नाशपाती मात्र तिने तीन खाल्ल्या. तिला कोणी काही म्हटलं नाही. त्या दिवशी मला कळलं की एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला या बाईंनी मलाही असंच उत्तर दिलं होतं, आणि मी त्याचा राग धरला होता.

जेवणानंतर त्यांनी मला 'तू' म्हणायची परवानगी दिली. जर्मनांमध्ये हा मोठा मान असतो आणि तो मोठ्या माणसानेच द्यायचा असतो. मी हो म्हटलं आणि पुढची सहा वर्षं वाक्यं अशी जुळवत राहिले की 'तू' म्हणायची वेळच येऊ नये. त्यांच्या ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणाल्या, "राहू दे. तुझ्या जिभेला जमत नाही ते."

मग प्रत्येक जूनला कुरण आणि प्रत्येक ऑक्टोबरला तंगडी. एका वर्षी मेमध्ये कडाक्याची थंडी पडून नाशपातीचा मोहोर गळाला. तेव्हा मी नाशिकहून वहिनीने पाठवलेला मोरावळा घेऊन गेले. त्यांनी आवळ्याची एक फोड खाल्ली, मांसाचा घास घेतला, आणि बरणी आपल्या बाजूला ओढून ठेवली. दुसऱ्या वर्षी झाड फळांनी वाकलं होतं, तरी त्यांनी फोनवर विचारलं, "ते सोनेरी आणणार आहेस ना?"

त्यांची नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्यांनी शिकार आपणहून सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. "जिथे मारायचंय तिथेच लागेल याची खात्री नसेल तर मचाणावर चढायचं नाही," म्हणाल्या. हक्क गावातल्या एका तरुण बाईला दिला. दशक संपता संपता त्या शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या.

त्या ऑक्टोबरमध्ये मी घरी तंगडी केली, काप केले, नाशपातीसकट डब्यात भरून त्यांच्याकडे नेली. त्यांनी खिडकीपाशी बसून रुमाल मांडीवर घेतला, पहिला घास सावकाश चावला आणि म्हणाल्या, "हं, चांगलं आहे. तीन-चार मिनिटं जास्त ठेवलंस."

खरंच जास्त ठेवलं होतं. सगळं संपेपर्यंत मी त्यांच्यासमोर बसून राहिले.