काचेला आलेला घाम

बाहेर बर्फ पडतंय आणि आत खिडकीची काच घामाने निथळते आहे. कॅनडात मुलाच्या घरी हिवाळाभर तळघरातली फर्नेस कोरडी गरम हवा फेकते. माझ्या टाचांना भेगा पडल्या, म्हणून निखिलने तिला अख्ख्या घराचा ह्युमिडिफायर जोडून घेतला. ओल्या जाळीतून वारा. म्हणजे आपला नागपूरचा कूलरच!

"सगळ्यात मोठा घेतला, आई. फुल्लवर ठेवलाय."

आठवड्यात चौकट फुगली, पडद्यामागे काळी बुरशी धरली. माझं डोकंच फिरलं. घर केवढं, काचा कशा, बाहेर थंडी किती, हे कुणी बघितलं? मोठं ते चांगलं म्हणे! तहानलेल्याला पाणी पाजायचं की विहिरीत ढकलायचं?

"नागपुरात कूलर फुल्लच असायचा ना?" निखिल हिरमुसून म्हणाला.

"आणि समोरची खिडकी? ती उघडी नसली की घर नुसतं दमट व्हायचं, विसरलास?"

मी बटण मागे फिरवलं आणि काच पुसत राहिले. पोरं घर सोडताना काय काय आठवणीने बांधून नेतात! यानं कूलर तेवढा आणला, खिडकी नागपुरातच ठेवून आला.