भोंगा झाला की उरणारे पाव

आमच्या गावात घड्याळाला कुणी विचारत नसे. मासळीची होडी धक्क्याला लागली की कारखान्याचा भोंगा व्हायचा आणि बायका हातातलं काम टाकून निघायच्या. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं ते गाव आठवलं की मला अजून आधी तो भोंगा ऐकू येतो, मागोमाग मासळीचा वास. लोक नाकं मुरडतात. मला त्या वासाने घरची आठवण येते आणि रडू येतं.

कात्रीने माशांची डोकी-शेपट्या उडवायच्या आणि मासे डब्यात रचायचे, हे आमचं काम. कात्री लागू नये म्हणून बोटांना कापडी चिकटपट्टी गुंडाळायची. उजव्या हाताची पट्टी आपल्याच डाव्या हाताने नीट बसत नाही, म्हणून आई माझी बांधायची आणि मी आईची. मी अकरा वर्षांची होते आणि त्या पट्ट्या मिरवत फिरायचे. माझे डबे आईच्या नावावर जमा व्हायचे. पोरांनी काम करणं कायद्याला चालत नव्हतं, पण कायदा राहायचा राजधानीत.

अल्व्हिना मावशी, आईची थोरली बहीण, शाळेत स्वयंपाक करायची. तिच्या डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. माझ्याएवढी असताना तिची कात्री घसरली होती. त्या अर्ध्या बोटासकट ती पीठ मळायची आणि तिच्या पावांवर सगळी शाळा तुटून पडायची. फक्त भोंगा झाला की आम्हा पोरींच्या पोटात दुखायला लागायचं, घरी जातो सांगून आम्ही कारखान्यात पळायचो आणि त्या दिवशी पाव उरायचे. मावशी उरलेल्या पावांकडे बघत बसायची.

मग एकदा माझ्या वर्गातल्या ओपलने कारखान्यात अंगठा कापून घेतला. मावशीने तिची पट्टी सोडून जखम पाहिली आणि सरळ घरी फोनपाशी गेली. मी मागोमाग. साऱ्या रस्त्याला टेलिफोनची लाइन एकच, त्यामुळे कुणी बोलायला लागलं की बाकीचे हळूच रिसीव्हर उचलायचे. मावशीने राजधानीतलं मजूर खातं मागितलं. कुणाचा तरी श्वास ऐकू आला तशी म्हणाली, "मर्टल, चोरून कशाला ऐकतेस गं? नीट ऐक, आणि कारखान्याच्या मुकादमालाही सांग. अल्व्हिना बील तक्रार करतेय."

मर्टलने सांगितलंच. मजूर खात्याच्या इन्स्पेक्टरची गाडी पुलावर दिसताच मुकादमाने आम्हा पोरांना रिकाम्या डब्यांच्या माळ्यावर पिटाळलं. खाली तो साळसूदपणे म्हणत होता, "पोरं? अहो साहेब, पोरं शाळेत असतात."

साहेब टोपी घालून निघालेच होते. तेवढ्यात शाळेत उरलेले पाव पुन्हा गरम करून मावशी ट्रे घेऊन आत शिरली आणि शिडीखाली उभी राहिली. "काकवी लावलीये. या खाली."

सगळ्यांत आधी मी उतरले. आम्ही हात पुढे केले, आणि इन्स्पेक्टर आमच्या पट्ट्यांकडे बघत राहिला. त्या दिवसापासून आम्हा पोरांना कारखाना बंद झाला.

"सख्ख्या भाचीच्या तोंडचा घास काढलास," आई त्या संध्याकाळी म्हणाली.

"दहा बोटांनी जेवू दे तिला, आयव्ही," मावशी म्हणाली.

त्यानंतर आईने तिच्याशी बोलणंच टाकलं. हिवाळाभर दोघी चर्चमध्ये दोन टोकांना बसल्या. मावशी माझ्या हाती घरी पाव पाठवायची, आई ते मुकाट्याने खायची, पण निरोप म्हणून काही द्यायची नाही. मला दोघींचाही राग यायचा.

वसंतात मासळी परत आली. भोंगा झाला तेव्हा मी शाळेत जेवत होते, सगळ्याच पोरी जेवत होत्या. ट्रेमध्ये एकही पाव उरला नव्हता. स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आई उभी होती. डावा हात तिने कसाबसा बांधला होता आणि त्यात चिकटपट्टीची गुंडाळी होती. तिने उजवा हात पुढे केला.

मावशीने एप्रनला हात पुसले आणि एकेक बोट गुंडाळायला घेतलं.

"घट्ट होतंय का?"

"बांध तू," आई म्हणाली.