फळ्याच्या कोपऱ्यातलं नाव

गावंडे भैया वर्गात शिरले की आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात सरांचं नाव लिहायचे आणि मग विषय. स्वतःचं नाव त्यांनी त्या फळ्यावर कधीच लिहिलं नाही. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी त्यांच्यासमोर बसले. वनस्पतिशास्त्र जे काही आलं ते त्यांच्याकडून आलं, आणि ज्यांचं नाव कोपऱ्यात असायचं त्या सरांना मी वर्गात फार तर दोनदा पाहिलं. एकदा मी विचारलंच. हातावरचा खडू झटकत ते म्हणाले, "तास सरांचा आहे वैशू. मी फक्त घेऊन राहिलो."

भैयांना पीएच.डी. करायची होती. प्रवेशपरीक्षा त्यांनी केव्हाच पास केली होती, विषयही ठरला होता, आमच्या शहरातल्या मदनमहालच्या टेकड्यांवरची झुडपं. अडलं होतं ते गाइडपाशी. एका गाइडकडे ठरावीकच विद्यार्थी. सरांकडच्या जागा कायम भरलेल्या, आणि एखादी रिकामी झालीच की तिथे कुणाचा तरी पुतण्या नाहीतर कुणाची तरी सून येऊन बसायची. सर म्हणायचे, "अगले सत्र में देखेंगे." तोवर भैयांनी सरांचे तास घ्यायचे, प्रात्यक्षिकं लावायची, उत्तरपत्रिका तपासायच्या, सरांच्या आईला स्कूटरवरून नेपियर टाउनच्या दवाखान्यात न्यायचं. अशी सात वर्षं गेली. मला भैयांचा राग यायचा. इतका हुशार माणूस इतका मऊ कसा? काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, "टेन्शन काहून घेऊन राहिली? सर जबानचे पक्के आहेत."

मी एम.एस्सी. झाले, फेलोशिप मिळाली. त्याच महिन्यात सरांकडे एक जागा रिकामी झाली. ती भैयांची, हे विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं. हळदीकुंकवाला भेटलेल्या आमच्या दोघांच्या आयांनी तिथल्या तिथे ठरवलं, की भैयांनी मला सरांच्या घरी न्यावं, म्हणजे पुढच्या जागेसाठी माझं नाव त्यांच्या कानावर राहील. भैया मला महाराजपुरहून स्कूटरवर घेऊन गेले. "सर, अपने घर की लड़की है," ते म्हणाले. "मेरे बाद इसका देख लीजिएगा." सरांनी माझं फेलोशिपचं पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "कल फॉर्म भर दो." आणि भैयांकडे न बघता, "गावंडे, तुम तो घर के हो. तुम्हारा अगले सत्र में देखेंगे."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आला होता, मी तो गिळला. बाहेर येऊन भैयांनी स्कूटरला तीन-चार किक मारल्या. "चलो, एकाचं तर झालं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म त्यांनीच भरला. त्याचे रकाने त्यांना पाठ होते.

सरांनी मला विषयही भैयांचाच दिला. कुठलं झुडूप टेकडीच्या कुठल्या अंगाला सापडतं हे भैयांनी दाखवलं, फांद्या वर्तमानपत्रात दाबून वाळवायला शिकवलं, प्रबंधाचं एकेक प्रकरण लाल शाईनं सुधारून दिलं. आभाराच्या पानावर मी त्यांचं नाव घातलं होतं. सरांनी त्यावर काट मारली आणि विचारलं, "ये विभाग में किस पद पर हैं?" पद नव्हतंच. मी पान पुन्हा टाइप केलं. बांधून आलेला प्रबंध भैयांनी हातात घेतला, आभाराचं पान वाचलं, उलटलं आणि म्हणाले, "बाइंडिंग छान झाली." त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

सर निवृत्त झाले आणि भैयांचं ते पुढचं सत्रही संपलं. ते एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवू लागले. मला त्याच विभागात नोकरी लागली, यथावकाश मी गाइडही झाले. गेल्या वर्षी जुलैत भैया माझ्या खोलीच्या दारात उभे. केस पांढरे झालेले, हातात प्लास्टिकची फाइल. प्रवेशपरीक्षा पुन्हा दिली होती, पुन्हा पास झाले होते.

"आधी बाजूच्या वर्गात डोकावलो मॅडम," ते म्हणाले. "फळ्याच्या कोपऱ्यात तुमचं नाव होतं. मला वाटलं, तुम्हीच शिकवून राहिल्या."

शिकवत होती माझी संशोधक विद्यार्थिनी. नाव लिहायला मी तिला कधी सांगितलं नव्हतं. पुसायलाही सांगितलं नव्हतं.

"ऐकलं, तुमच्याकडे दोन जागा आहेत."

होत्या. त्या टेकड्यांबद्दल या माणसाइतकं आमच्या विभागात कुणालाच कळत नाही. पण तो रोज प्रयोगशाळेत येणार, माझ्या प्रबंधातलं कुठलं वाक्य कुणाचं हे त्याला ठाऊक असणार, आणि तो कधीच काही बोलणार नाही. ते मला सोसवलं नसतं.

"अगले सत्र में देखेंगे, भैया," मी म्हणाले. त्यांच्याशी मी जन्मात पहिल्यांदा हिंदीत बोलले.

त्यांनी फाइलचं बटण लावलं. "टेन्शन काहून घेऊन राहिल्या मॅडम," म्हणाले. "मी थांबतो."

एका जागेवर मी फेलोशिप असलेली मुलगी घेतली. यंदाचं सत्र सुरू होऊन महिना झाला. दुसरी जागा रिकामी आहे, भैयांचा नंबर माझ्याकडे आहे, आणि मी अजून फोन केलेला नाही.